अनुभवाचा दाखला

सातपूर, नाशिक
५ जून २०००

प्रतिभा मॅडम यांस,

पत्र कामाचं आहे, म्हणून ख्यालीखुशालीत जागा घालवत नाही. क्लिनिक बंद होऊन दीड वर्ष झालं. त्यानंतर तुम्ही लिहिलं नाही, मीही नाही. इंदूरचा पत्ता तुमच्या दिरांकडून, चांदवडच्या चंदरभाऊंकडून घेतला. त्यांच्यावर रागवू नये.

विषय असा. दिल्लीच्या पुनर्वास परिषदेचा कायदा तुम्हाला माझ्यापेक्षा चांगला माहीत आहे. तुमच्या नोंदणीचं प्रमाणपत्र इथल्या द्वारका चौकातल्या क्लिनिकमध्ये मीच भिंतीवर टांगलं होतं, पातळी लावून. आता ज्यांच्याकडे पदवी नाही पण ज्यांनी वर्षानुवर्षं हे काम केलं आहे, त्यांच्यासाठी ब्रिज कोर्स निघाला आहे. तो पुरा केला की परिषदेच्या नोंदणीत नाव लागतं आणि नंबर मिळतो. तुमच्यासारखा वाचा-उपचारतज्ज्ञ म्हणून नव्हे, हे मला कळतं. पण नंबर मिळतो. नंबर नसताना हे काम करणं हा आता गुन्हा आहे, त्याला कैदही होऊ शकते.

तुम्ही गेल्यावर मी सातपूरला एक खोली घेतली. कंपन्यांतल्या शिफ्टवाल्यांची मुलं येतात. बोबडी, अडखळणारी, उशिरा बोलायला लागलेली. शेजारचे कान-नाक-घशाचे डॉक्टर पाठवतात. गेल्या महिन्यात त्यांनी मला आत बोलावलं आणि म्हणाले, "ललित, नंबर आण बाबा. उद्या कोणी विचारलं तर काय सांगू, मी माझे पेशंट बारावी नापासाकडे पाठवतो?" हसत म्हणाले, पण त्या आठवड्यात त्यांच्याकडून एकही मूल आलं नाही.

अर्जाला एक कागद लागतो: ज्यांच्या हाताखाली काम केलं त्यांचा अनुभवाचा दाखला. मी १९९१ साली तुमच्याकडे पेशंट म्हणून आलो. सतरा वर्षांचा होतो, स्वतःचं नाव एका दमात सांगता येत नव्हतं. सहा महिन्यांत नाव सांगता आलं, आणि मी घरी गेलोच नाही. वडिलांचा शेवंतीचा मळा भाऊ बघतो. मी तुमच्याकडे सात वर्षं काम केलं.

दाखल्याचा मसुदा सोबत जोडला आहे. शुद्धलेखन दोनदा तपासलं आहे. तुम्हाला फक्त सही आणि शिक्का करायचा आहे. तिकीट लावलेलं पाकीटही ठेवलं आहे. शेवटची तारीख ३० सप्टेंबर.

आपला,
ललित विधाते

---

सातपूर
९ जुलै २०००

प्रतिभा मॅडम,

महिना झाला. पत्र गहाळ झालं असेल असं आई म्हणते. मी रजिस्टर केलं होतं, पोचपावतीवर तुमची सही आहे.

तुम्हाला वाटत असेल, याला दाखल्याची एवढी काय गरज, दुसरा पुरावा देईल. म्हणून मी पुरावा शोधायला गेलो. क्लिनिकच्या फाइली चांदवडला आहेत हे मला माहीत होतं, टेम्पोत मीच भरल्या होत्या. गेल्या रविवारी गेलो. चंदरभाऊ कांद्याच्या चाळीत उभे होते. मला पाहून ओरडले, "या या सर! वहिनींनी डाक्टर केला का नाय अजून तुम्हाला?"

मी म्हटलं, कागद शोधायचे आहेत.

"शोधा की. उंदरांनी वाचून झालं आसंल तर तुम्ही वाचा." मग बहिरू म्हणून त्यांचा गडी आहे, त्याला म्हणाले, "सरांना स्टूल दे रे. शिकलेला माणूस हाय, खाली बसंल तर पँट चुरगळंल."

मी चार तास बसलो. दोनशे बारा फाइली आहेत. अजून शाबूत आहेत, कारण मी प्रत्येक फाइलीला प्लास्टिक लावलं होतं. प्रत्येक पान माझ्या अक्षरात आहे. कोणता आवाज घेतला, जीभ कुठे ठेवायला सांगितली, मूल रडलं का, आईला घरी काय करायला सांगितलं, सगळं. आणि प्रत्येक पानाच्या तळाशी माझ्याच अक्षरात "प्र. गां."

तुम्हीच सांगितलं होतं. पहिल्याच वर्षी. "ललित, नोंद तू कर, पण आद्याक्षरं माझी टाक. फाइल क्लिनिकची असते, माणसाची नसते." मला तेव्हा तो मान वाटला. तुमची आद्याक्षरं टाकायला मिळतात म्हणून मी वहीत सराव केला होता, तुमचा ‘गां’ डावीकडे झुकतो तसा झुकवायला. सात वर्षांत एकाही कागदावर ललित विधाते हे नाव नाही. कपाटाच्या किल्लीच्या चिठ्ठीवरसुद्धा नाही. लोक चोऱ्या करून जेवढी काळजी घेत नाहीत तेवढी काळजी घेऊन मी स्वतःला पुसलं आहे.

तेव्हा पुरावा एकच उरतो, तुम्ही. बुधवार ते शुक्रवार तुम्ही धुळे आणि मालेगावच्या केंद्रांवर असायच्या, त्या दिवसांत मुलांना कोण बघत होतं, हे तुम्ही आणि मी दोघंच जाणतो. आणि मुलं, पण त्यांना कोण विचारणार.

कृपया लिहा.

ललित

ता.क. काही फाइली सोबत आणल्या आहेत. चंदरभाऊंना विचारूनच.

---

सातपूर
२८ जुलै २०००

मॅडम,

दाखला मिळाला. परत पाठवत आहे.

"श्री. ललित विधाते हे १९९२ ते १९९८ या काळात माझ्या क्लिनिकमध्ये मदतनीस होते. साफसफाई, पेशंटच्या वेळा नोंदवणे व दूरध्वनी घेणे ही कामे त्यांनी प्रामाणिकपणे केली." ‘प्रामाणिकपणे’ हा शब्द तुम्ही कशासाठी घातला, ते मला कळलं नाही. झाडू प्रामाणिकपणे मारायचा असतो का?

सोबतच्या चिठ्ठीत तुम्ही लिहिलंय: "त्या मुलीच्या प्रकारानंतर मी याहून जास्त लिहू शकत नाही. तूही माझ्या जागी असतास तर लिहिलं नसतंस."

ठीक आहे. त्या मुलीचं नाव होतं तृप्ती, तुम्ही विसरला असाल म्हणून लिहितो. पाच वर्षांची. पेठकडच्या डोंगरातली. तिचे आईवडील नव्हते, आजी भागीबाई गिरणाऱ्याच्या एका द्राक्षबागेत बारमाही कामाला होती. गरिबांची मुलं फुकट बघायचा तुमचा नियम होता, त्याचं मला कौतुक होतं आणि आहे. पण फुकटचा वार होता गुरुवार, आणि गुरुवारी तुम्ही नाशकात नसायच्या. म्हणजे पैसेवाल्यांना तुम्ही आणि फुकटवाल्यांना मी. हा नियम मी केलेला नाही.

जुलै ९७ मध्ये ती पहिल्यांदा आली. "स", "श", "च" काहीच निघत नव्हतं. साखरेला "आकर" म्हणायची. तुम्ही शिकवल्याप्रमाणे मी आधी ऐकण्याची तपासणी केली. तिच्या पाठीमागे उभा राहून चार आवाज: ढोलकी, घंटा, खुळखुळा, आणि चौथा तोंडाने हळू "स्स". ती प्रत्येक वेळी वळली. कार्डावर चार रकान्यांत चार खुणा आहेत. ऐकू येतंय असं दिसल्यावर मी जिभेचे व्यायाम सुरू केले. वरच्या ओठाला मध लावून जीभ वर न्यायला लावणं, मेणबत्तीवर फुंकर, कागदाचे तुकडे उडवणं. एकही गुरुवार चुकला नाही. ती गिरणाऱ्याहून बसने यायची आणि आल्या आल्या ओठ पुढे करायची, मधासाठी.

मार्चमध्ये एका गुरुवारी तुमची धुळ्याची गाडी रद्द झाली आणि तुम्ही क्लिनिकमध्ये होता. तुम्ही तिच्या मागे उभं राहून तोंडापुढे कागद धरला आणि "श्श" केलं. ती चित्र रंगवत राहिली. दहा मिनिटं. आठ महिन्यांत मला जे दिसलं नाही ते तुम्हाला दहा मिनिटांत दिसलं. जाड आवाज तिला येत होते, बारीक येत नव्हते. जे ऐकूच येत नाही ते ती बोलणार कुठून.

तुमच्याकडे पदवी होती, माझ्याकडे नव्हती. हे मी मान्य करतो. पण मी चारही आवाज केले होते. खाली द्वारकेचा चौक, दिवसभर ट्रकचे हॉर्न. चौथ्या आवाजाला ती माझ्याकडे वळली की हॉर्नकडे, हे मला कसं कळणार? ती खोली मी निवडलेली नव्हती.

खरा दाखला पाठवा. दोन महिने उरले आहेत.

ललित विधाते

---

सातपूर
१६ ऑगस्ट २०००

मॅडम,

तुम्ही पुन्हा गप्प आहात, म्हणून आता मी ते लिहितो जे लिहायचं नव्हतं.

तृप्तीचं कळल्यावर तुम्ही दोन दिवस माझ्याशी बोलला नाहीत. शनिवारी दुपारी तुम्ही शटर अर्धं ओढलंत, माझ्यासमोर कोरे कागद ठेवलेत आणि म्हणालात, "ही फाइल अशी राहिली तर उद्या कोणीही विचारेल की आठ महिने माझ्या आद्याक्षरांखाली काय चाललं होतं. लिही." तुम्ही सांगत गेलात, मी लिहीत गेलो. जुलैच्या पहिल्या भेटीपासून दर दोन महिन्यांनी एकेक ओळ: "श्रवणचाचणी करून घेण्याचा सल्ला दिला. पालकांनी पाळला नाही." अशा चार ओळी. मग पुढच्या तपासणीसाठी भागीबाईच्या हातात द्यायचं पत्र, क्लिनिकच्या छापील कागदावर, तेही माझ्याच अक्षरात: "वारंवार सांगूनही आजीने चाचणी केली नाही." तुम्ही सही केलीत. भागीबाईला वाचता येत नव्हतं. तिने तो कागद कपाळाला लावला आणि कमरेच्या पिशवीत ठेवला.

त्यानंतर तुम्ही मला म्हणालात, "ललित, सोमवारपासून फक्त फोन घ्यायचा." म्हणजे तुमच्या दाखल्यातलं एक वाक्य खरं आहे. शेवटचे नऊ महिने मी फक्त फोन घेतला.

जुनी पानं जाळायला सांगितली होती. जाळली, असं मी सांगितलं. जाळली नाहीत. मला लिहिलेला कागद जाळता येत नाही, हा माझा दोष तुम्हाला माहीत असायला हवा होता. आठ महिन्यांची मूळ पानं माझ्याकडे आहेत आणि चांदवडहून आणलेली बदललेली फाइलही आहे. दोन्ही शेजारी ठेवली तर लहान मुलालाही कळेल. अक्षर माझं आहे, मी अडकेन, ते मला माहीत आहे. पण माझ्याकडे काढून घेण्यासारखा नंबर नाही. तुमच्याकडे आहे.

मला दाखला हवा आहे. पंधरा दिवस वाट बघतो.

ल. विधाते

---

सातपूर
३१ ऑगस्ट २०००

प्रतिभा मॅडम,

दाखला पोचला. कुरिअरने पाठवलात. यापूर्वीच्या तीन पत्रांना पोस्टाचा सावकाशपणा पुरत होता.

वाचून माझाच माझ्यावर विश्वास बसेना. "श्री. ललित विधाते यांनी माझ्या देखरेखीखाली दोनशेहून अधिक बालकांची श्रवणाची प्राथमिक तपासणी अचूकपणे केली व त्यांना वाचा-उपचार दिले. त्यांची निरीक्षणशक्ती असाधारण आहे." आई मोठ्याने वाचायला लावते. शेजारच्या मंगलाबाईंना बोलावून तिने पुन्हा वाचायला लावलं. मंगलाबाई म्हणाल्या, "आमच्या लल्याला नाव सांगायला पाच मिनिटं लागायची. आता दिल्लीला जाणार म्हणे नाव!" आईने त्यांना चहा दिला.

तुमच्याकडून असं काही ऐकायला मिळावं म्हणून मी सात वर्षं थांबलो होतो. शेवटी ते मानेवर पाय ठेवून घ्यावं लागलं. गोड लागत नाही. पण कागद आहे.

जुनी पानं तुम्हाला परत हवी आहेत असं चिठ्ठीत आहे. अर्ज गेला की पाठवीन.

ललित

---

सातपूर
२ ऑक्टोबर २०००

प्रतिभा मॅडम,

सोबत तुमचा दाखला आहे. वापरलेला नाही. तारीख परवा संपली. जुनी पानं सोबत नाहीत, ती कुठे गेली ते सांगतो.

सतरा सप्टेंबरला दुपारी भागीबाई माझ्या खोलीवर आली. द्वारकेला जाऊन आली होती, तिथे आता कपड्याचं दुकान आहे. दुकानदाराने तिला सातपूरला पाठवलं. तृप्ती बरोबर होती. आठ वर्षांची झाली आहे. मला ओळखलं नाही, किंवा ओळखलं असेल, सांगता येत नाही. दाराशी उभी राहून माझ्या तोंडाकडे बघत होती. माझ्या डोळ्यांकडे नाही, तोंडाकडे.

भागीबाई म्हणाली, "सर, यवढा कागद वाचून द्या. जिथं दाखवते तिथं मलाच बोलणी बसतात. ह्यात लिवलंय तरी काय?"

अडीच वर्षं तिने तो जपला होता, खताच्या पिशवीच्या प्लास्टिकमध्ये घडी करून. या उन्हाळ्यात त्यांच्याकडे शिबिर झालं, तिथे तृप्तीची तपासणी झाली. कानाचं मशीन लागेल म्हणाले, आणि शहरातल्या कर्णबधिरांच्या शाळेत वसतिगृहासह घेता येईल म्हणाले. भागीबाईला वाटलं, मोठ्या मॅडमचा कागद आपल्याकडे आहेच, तो दाखवला की काम लवकर होईल. शाळेतल्या बाईंनी तो वाचला आणि म्हणाल्या, "आजी, वारंवार सांगूनही तुम्ही तपासणी केली नाहीत, असं यात लिहिलंय. मशीन दिलं तर सांभाळाल का?" जागा थोड्या होत्या. तृप्तीचं नाव पुढच्या वर्षावर टाकलं.

मी कागद हातात धरून उभा होतो. माझंच अक्षर. वाचायची गरज नव्हती.

मी म्हटलं, "भागीबाई, यात खोटं लिहिलंय. तुम्हाला तपासणी करायला कोणी सांगितलंच नव्हतं."

ती म्हणाली, "तेच मी म्हनते ना! मला वाटलं मीच इसरले आसंल. म्हातारं डोकं." ती चक्क हसली. सुटल्यासारखी. मग थोड्या वेळाने हसू गेलं. "मंग कोणी लिवलं?"

"मी."

तिने रागावावं म्हणून मी थांबलो. ती रागावली नाही. तिने तृप्तीला खाली बसवलं, स्वतः बसली, आणि म्हणाली, "सर, तुम्ही दर बेस्तरवारी मला म्हनायचे, घरी सराव घेत नाय, म्हनून पोर सुधरत नाय. म्हनायचे का नाय?"

म्हणत होतो. मॅडम, प्रत्येक गुरुवारी म्हणत होतो. मूळ पानांवर तीही नोंद आहे: "घरी सराव होत नाही. आजीला समज दिली."

"मी घ्यायची सराव. बागंतून आलं का चुलीपुढं बसवायची. ‘स’ म्हन. नाय म्हनली का एक चापट. ‘स’ म्हन. नाय, अजून एक. आठ महिने मारलं मी हिला, सर. सर सांगतात म्हंजे पोरगीच आळशी आसंल, आसं वाटायचं मला. आन् तिला तर ऐकूच येत नव्हतं."

तृप्ती आमच्या दोघांच्या तोंडाकडे आळीपाळीने बघत होती.

तेव्हा मी काय बोललो ते मला आठवत नाही. बहुतेक अडखळलो. नऊ वर्षांत पहिल्यांदा.

आता जे तुमच्यापासूनही लपवलं ते. चौथा आवाज मी केलाच नव्हता. ढोलकी, घंटा, खुळखुळा झाला आणि खाली चौकात ट्रक अडकले, हॉर्न थांबेनात. "स्स" माझा मलाच ऐकू आला नसता. बाहेर अजून पाच मुलं होती. म्हटलं, पुढच्या गुरुवारी करू. पण कार्डावर तीन खुणा आणि चौथा रकाना कोरा, हे मला बघवेना. मी खूण केली. पुढच्या गुरुवारी कार्ड काढलं तर रकाना भरलेला होता, म्हणून करायचं राहिलं नव्हतं.

माझी चूक एवढीच असती तर कदाचित मी अर्ज पाठवला असता. खरं सांगतो. तुमचा दाखला आणि भागीबाईचा कागद एकमेकांना कधी भेटले नसते. पाकिटावर पत्ता लिहून झाला होता. पण तुमच्या दाखल्यात "अचूकपणे" हा शब्द आहे, म्हणून त्या आठवड्यात मी आणलेल्या फाइली घेऊन पुन्हा चांदवडला गेलो आणि दोनशे बारा फाइलींतली कार्डं काढून बसलो. सगळ्या कार्डांवर चार खुणा आहेत. दोनशे बारा गुणिले चार. एकही रकाना कोरा नाही. द्वारकेचा चौक तर रोजच वाजायचा. यातली चौथी खूण कुठे खरी आणि कुठे मी फक्त भरली, हे मला सांगता येत नाही. मी आठवायचा प्रयत्न केला. चेहरे आठवतात, मध आठवतो, आवाज केला की नाही ते आठवत नाही. चंदरभाऊ येऊन म्हणाले, "सर, रडताय का कांद्यानं?" मी म्हटलं, कांद्यानं.

ज्या लोकांनी हा नंबर काढला त्यांना मी तीन महिने शिव्या देत होतो. पदवीवाल्यांनी दार लावून घेतलं, असं डॉक्टरांनाही बोललो होतो. दार कशासाठी आहे ते मला दोनशे बारा कार्डांवरून कळलं. पण मॅडम, त्या दाराच्या आत तुम्ही होतात, आणि दर गुरुवारी तुम्हीच मला खिडकीतून आत घेत होतात. पदवी तुमच्याजवळ होती. तिचा उपयोग तुम्ही दहा मिनिटं केलात.

मूळ पानं मी कर्णबधिरांच्या शाळेतल्या बाईंना दिली. सोबत एक पत्र दिलं: तपासणी कोणी केली, किती केली, नंतर कोणी काय लिहायला सांगितलं आणि कोणी लिहिलं. बाईंनी सगळं दोनदा वाचलं. म्हणाल्या, "तुम्हाला कळतंय ना, हा कागद मला पुढे पाठवावा लागेल?" मी हो म्हटलं. तृप्तीचं नाव या वर्षात आलं आहे, दिवाळीनंतर ती वसतिगृहात जाईल. तुमच्याकडे विचारणा येईल. खरं सांगायचं की नाही ते तुम्ही ठरवा.

ज्यांचे पत्ते अजून लागतात त्यांना पोस्टकार्डं टाकतो आहे: मुलाचं ऐकणं चांगल्या ठिकाणी तपासून घ्या, आमच्याकडची तपासणी धरू नका. चोपन्न टाकली. अकरा परत आली, लोक घरं बदलून गेले. एका बापाने उत्तर पाठवलं, ते तुम्हाला लिहीत नाही.

खोली सोडली. जी सहा मुलं येत होती, त्यांच्या घरच्यांना मी एकेक करून बसवून सांगितलं की माझ्याकडे नोंदणी नाही, यापुढे मी बघणार नाही. पाच जण समजले, किंवा समजल्यासारखं करून गेले. दिशाची आई गेली नाही. तिचा नवरा रात्रपाळीला असतो, ती दुपारी डबे करते, मधल्या वेळात मुलीला आणते. ती म्हणाली, "सर, गावातल्या त्या नोंदणीवाल्यांकडे मी आधी जाऊन आले. चार महिन्यांनंतरची वेळ देतात, आणि आठवड्यातून तीनदा यायला सांगतात, सकाळी अकराला. अकराला मी कशी येणार? तुम्ही शिकलेले नाहीत, ते आम्हाला पहिल्या दिवसापासून माहिती होतं. शिकलेला माणूस सातपूरला येऊन बसतो का?"

मी म्हटलं, "मी चुकीचं काही केलं तर?"

"आणि काहीच केलं नाही तर?" ती म्हणाली. "ही सहा वर्षांची होईल जानेवारीत. शाळेत पोरं हिला मुकी म्हणतात. आम्ही जायचं कुठं, ते तेवढं सांगा."

तिने दिशाच्या चपला शोधून तिच्या पायात घातल्या आणि ती निघाली. जाताना दिशाने मला "टाटा" केलं, हाताने. तोंडाने करायला आम्ही पुढच्या आठवड्यात शिकणार होतो.

तुम्ही इंदूरला अजून मुलं बघता का, हे मला माहीत नाही. बघत असाल तर गुरुवारी तुम्ही स्वतः तिथे असा.

ललित नामदेव विधाते